तिसरं कडवं

या गावाच्या नावाचा अर्थ नाव.
नाव म्हणजे होडी. आणि नदी
शंभरेक वर्षांपूर्वीच रस्त्याखाली पुरलेली.
वूच म्हणतात. पोलंडच्या साधारण मधोमध.
इथल्या लाल विटांच्या गिरण्यांत
बायका नुसत्या ओठांनी बोलायच्या,
मागांच्या खडखडाटात आवाज वाया कोण घालवणार.

त्यातल्याच एका गिरणीत जाहिरातीचं शूटिंग होतं.
मी कोट सांभाळणारी. काम एवढंच:
तो उंटाच्या रंगाचा कोट तान्ह्या बाळासारखा धरायचा,
त्यावर केस पडू द्यायचा नाही,
कॉफीवाल्यांना त्याच्या आसपास फिरकू द्यायचं नाही.
किंमत, माझं सात महिन्यांचं घरभाडं.

गाणं जुनं. माझ्या आजोळी
ते रेडिओवर लागलं की बटाटे सोलणारे हात थांबायचे.
कोर्नेलियानं ते नव्यानं गायलंय,
कानाशी येऊन सांगितल्यासारखं,
ओळीआधी एक उसासा टाकत.
वाईट गायली असती तर बरं झालं असतं,
निदान रागावता आलं असतं.
पण माझ्या अंगावर काटा आला,
आणि हातात कोट.

तीस सेकंदांत दोनच कडवी बसतात.
पहिल्यात तो स्टेशनवर दिसतो.
दुसऱ्यात दोघं बर्फात नाचतात.
तिसऱ्यात ती दोन पोती कोळशासाठी
अंगावरचा कोट विकून येते.
तिसरं घेतलेलं नाही.

अस्सलपणा हवा म्हणून एक म्हातारी आणली होती,
बोगुमीवाबाई. बावीस वर्षं याच मजल्यावर मागावर.
खिडकीशी बसवली. दिग्दर्शक म्हणाला,
आजी, ओठ हलवू नका, नुसतं बघा.
पाच टेक तिच्या ओठांपायी फुकट गेले.
दुसरं कडवं संपायचं, संगीत थांबायचं,
कंपनीचं नाव यायची वेळ व्हायची
आणि आजी आपली पुढं चाललेली.
कुणीतरी तिच्या कानाशी जाऊन ओरडलं
तेव्हा कळलं, ती ठार बहिरी आहे.
गाणं तिला ऐकू येतच नव्हतं.
ती कोर्नेलियाचे ओठ वाचत होती,
आणि ते मिटले की
उरलेलं स्वतः पुरं करत होती.

मग तिला पाठमोरी बसवलं.

जेवणाच्या सुट्टीत कोर्नेलिया सूपचा वाडगा घेऊन तिच्याशेजारी टेकली.
कोट अंगातच. (मी दोनदा म्हटलं, काढा. तिनं ऐकलं नाही.)
पुढं काय आहे हो, तिनं विचारलं,
मला दिलेल्या कागदावर दोनच होती.
बोगुमीवाबाईंनी आधी तिच्याकडं पाहिलं नाही, कोटाकडं पाहिलं.
नाचून नाचून एक बटण लोंबत होतं.
कॉलरमागून सुई काढली, निळ्या दोऱ्याची.
मी ओरडायला हवं होतं.

आमच्याकडं म्हणतात, अंगावरच्या कपड्याला टाका घालताना
त्या माणसानं दोरा दातात धरावा,
नाहीतर कपड्याबरोबर आठवणही शिवली जाते.
आजीनं दोऱ्याचा तुकडा तोडून
त्या महागड्या, रंगवलेल्या ओठांत दिला.
आणि ती दोरा चावत गप्प बसलेली असताना
बटण लावता लावता
आजी तिला तिसरं कडवं सांगत राहिली.
आवाज नाहीच. नुसते ओठ.
मला 'कोळसा' कळलं. 'बाही' कळलं.
पुढचं दोघींतच राहिलं.
सूप निवून गेलं.

शेवटच्या टेकला दुसरं कडवं संपलं
तरी कोर्नेलियाचे ओठ हलत होते.
दिग्दर्शक म्हणाला, छान, हे कापू.
कापलं.

आता माझ्या ट्राम थांब्यावर मोठ्या पडद्यावर ती दिसते,
रस्त्यावर आवाज लावायची परवानगी नाही म्हणून मुकी.
बाविसाव्या सेकंदाला कोट वळतो.
खालून दुसरं बटण, दोरा निळा.
कंपनीतल्या कुणाच्या अजून लक्षात आलेलं नाही.
काल थंडी उणे अकरा होती.
शेजारची बाई पडद्याकडं बघत
मफलरच्या आत काहीतरी पुटपुटत होती.
मी विचारणार होते,
तेवढ्यात तिची ट्राम आली.